चाकांपुढची लिंबं

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून स्वयंपाकघरातली ट्यूब बदलली. मी स्टुलावर, ती खाली स्टूल धरून.

"पडलात तर मी उचलणार नाही, आत्ताच सांगते," ती म्हणाली.

"उचलू नकोस. नुसतं सोडू नकोस."

ट्यूब लागली. तिनं हात झटकले आणि रसम गरम करायला वळली. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काहीच केलं नाही.

ते हात डोळ्यांपुढे आले की माझ्या पोलिसातल्या नोकरीतलं गिंडीचं एक प्रकरण आठवतंच. मोठं प्रकरण नव्हे. पेपरात चार ओळी आल्या असतील नसतील. पण इतर खून, दरोडे पुसट झाले, हे झालं नाही.

मी फारसा शिकलेला नाही. घराणं तंजावरकडचं, घरात मराठी, बाहेर तमिळ. मद्रासच्या पोलिसांत शिपाई म्हणून लागलो आणि सब-इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झालो. नवं शतक लागून थोडी वर्षं झाली होती, तेव्हा मी गिंडीकडच्या एका स्टेशनात होतो. आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडेही बंदुका पुसून, चंदन-कुंकू लावून मांडून ठेवतात. पूजेची तयारी चालली होती, तेवढ्यात एका कारखान्याचा मॅनेजर आला. सोबत एक बाई. तिचा नवरा तिथला इलेक्ट्रिशियन, ती तिथंच झाडलोट करायची. नवरा उंचावरून पडून जागीच गेला होता.

मॅनेजर म्हणाला, "सर, हा पिंजऱ्यात उभा राहून छताला दिव्यांची माळ लावत होता. हिनं खालून गाडी ढकलली. गाडी कलंडली."

मी बाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याच हातानं गेला, अय्या."

"बघा, कबूल करतेय," मॅनेजर म्हणाला.

मला तिथंच खटकलं. नवऱ्याचं प्रेत अजून कारखान्यात पडलंय आणि हा बायकोला स्टेशनात घेऊन येतो. जबाबासाठी बाईला आम्हीसुद्धा स्टेशनात बोलवत नाही, तिच्या घरी जातो. मी महिला शिपायाबरोबर तिला घरी पाठवलं, डायरीत नोंद केली आणि पंचांना घेऊन जागेवर गेलो.

तो पिंजरा म्हणजे काय ते सांगतो. खाली चार चाकं, मध्ये विजेवर वर सरकणारा खांब, त्यावर कठडा असलेला पिंजरा. इंजिन नाही, धूर नाही. दोन माणसं ही गाडी हातानं ढकलत दारातून आत आणतात, अरुंद जागेतही फिरवतात. जागेवर आणली की चार बाजूंचे चार पाय जमिनीला टेकवायचे, तोवर पिंजरा वर चढतच नाही. माणूस वर असताना ढकलायची नाही, एवढा एक नियम. वर गेलेल्याचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि खाली कुणाला धरून उभं राहावं लागत नाही.

हा पिंजरा भिंतीकडेला बाकीच्या यंत्रांच्या रांगेत उभा होता. झेंडूचा हार घातलेला. प्रत्येक चाकापुढे एक लिंबू. पूजा झाली की यंत्र पुढे ढकलतात, लिंबं चिरडतात, मग कामाला लावतात. आमच्याकडची ही रीत. ही चारही लिंबं अख्खी होती. चाकांभोवती कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी होती, तिची एक रेघ मोडलेली नव्हती. प्रेत पडलं होतं हॉलच्या दुसऱ्या टोकाला.

मी पंचांना म्हटलं, "नीट बघा आणि लिहा. ही गाडी आज जागची हललेलीच नाही."

बाहेर आलो तर शेजारचा चहावाला कप विसळत उभा. माझ्याकडे न बघता म्हणाला, "अय्या, माझ्या मागच्या अंगणात एक शिडी येऊन पडलीय. भिंतीवरून. आकाशातून पडली म्हणावं तर तिचा पाय मोडलाय."

लाकडी शिडी होती. जप्त केली.

मग बाईच्या घरी गेलो. शेजारणी बसल्या होत्या. मी विचारलं, "अम्मा, पिंजऱ्याभोवती कोलम कुणी काढला?"

"मीच. सकाळी."

"मग नवरा चढला तेव्हा तू काय धरलं होतंस?"

"शिडी. तिचा एक पाय आधीपासूनच मोडका."

"आणि?"

"मॅनेजरसाहेबांनी हाक मारली. पूजेचं चंदन उगाळायला. हा वरून म्हणाला, 'जा, ओरडतील नाहीतर.' मी सोडली, अय्या." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तो पिंजरा आला तेव्हा मला चिडवायचा. म्हणायचा, 'ही माझी दुसरी बायको. हिच्यावर चढलो की तुला धरायला नको.'"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला समोर बसवलं. कोलमची आणि लिंबांची गोष्ट सांगितली. शिडी दाखवली. शिडी भिंतीपलीकडे टाकल्याचं त्यानं कबूल केलं.

मी विचारलं, "पिंजरा समोर उभा होता. माणसाला शिडीवर का चढवलंत?"

"पूजेला बसवला होता, सर. त्या दिवशी यंत्राला हात लावत नाहीत."

"आणि शिडी?"

"शिडीची कोण पूजा करतं, सर?"

त्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. भित्रा माणूस स्वतःला वाचवताना कुणाला पुढे ढकलतो, तर जो आधीच रडतोय त्याला. नोकरीभर मी हेच पाहिलं. निष्काळजीपणानं मृत्यू आणि पुरावा नाहीसा करणं, असा गुन्हा त्याच्यावर लावला. बाईचं नाव साक्षीदारांत गेलं.

हे सांगायला मी तिच्या घरी गेलो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "पण हात माझाच सुटला ना?"

मी म्हटलं, "दोष ज्यानं मोडकी शिडी दिली त्याचा. तुझा नाही." तिनं मान हलवली, पण ऐकल्याची, पटल्याची नव्हे.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भात वाढत म्हणाली, "तुम्ही कायदा सांगितलात. तिला आता आयुष्यभर तिथंच उभं राहायचंय, शिडीच्या पायाशी."

मला तेव्हा वाटलं, बायका उगाच वाढवून बोलतात.

चांगलं यंत्र असेल तर ते वापरा. सणाला हार घाला, पण माणूस वर चढवायचा असेल तर हार काढून कामाला लावा. देव रागावत नाही. जिथं कुणाला कुणी धरून उभं राहायला लागत नाही, तिथं कुणाचा हात सुटत नाही. या प्रकरणातून मी एवढंच शिकलो, असं मी लोकांना सांगत आलो.

बाकीचं आता कळलं. ट्यूब बदलली त्या रात्री बायको झोपेतच गेली. मी शेजारी होतो आणि मला कळलंसुद्धा नाही.

सकाळी शेजाऱ्यांना हाक मारण्याआधी मी स्वयंपाकघरात गेलो. स्टूल ट्यूबखाली तसंच होतं. मी खाली बसलो आणि तिनं धरलं होतं तिथं, दोन्ही हातांनी, ते घट्ट धरलं.