छबुबाईने सांगितलेल्या तारखा

तेलगावाबाहेरच्या माळावर फुटबॉलचं मैदान झालं, तेव्हा गवत कापायचं यंत्र घ्यायची क्लबची ऐपत नव्हती. छबुबाई तिथंच मेंढरं चारायची. क्लबचे सचिव भागवतराव तिला म्हणाले, मेंढरं खुशाल आत सोडा, फक्त सामन्याच्या आदल्या दिवशी बाहेर काढा. मेंढरांनी गवत असं सारखं राखलं की बाहेरगावचे संघ यंत्राची चौकशी करू लागले.

पुढे क्लब व्यावसायिक स्पर्धेत गेला, खेळाडूंना पगार सुरू झाले. पाहणीला आलेल्या साहेबांनी मैदानात जनावर दिसता कामा नये, असं बजावलं. मेंढरं बाहेर गेली, पण भागवतरावांनी छबुबाईला मैदान राखायला ठेवून घेतलं. नव्या यंत्राला ती आधी बिचकली. पंधरा दिवसांत नुसत्या आवाजावरून पात्याची धार गेलेली ओळखू लागली.

यंदा क्लबला दहा वर्षं झाली. फाटकाजवळच्या भिंतीवर महत्त्वाच्या तारखा रंगवायचं ठरलं, आणि बघतात तर जुन्या वह्या वाळवीने खाल्लेल्या. भागवतराव मोबाइलमधलं कॅलेंडर उघडून छबुबाईजवळ बसले. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पहिला सामना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, हे पक्कं ठाऊक होतं. पहिला विजय चंपाषष्ठीला. वरच्या गटात गेलो ते गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. भागवतरावांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत त्या तारखांचे जुने अंक काढून ताडून पाहिलं. एका दिवसाचाही फरक निघाला नाही.

"अजून एक राहिली," छबुबाई म्हणाली.

ती दुष्काळातल्या मे महिन्याची होती. मैदानासाठी टँकर आला होता, आणि कुंपणाबाहेर आसपासच्या वस्त्यांवरची जनावरं जीभ काढून उभी होती. कप्तान नाथाने कुणाला न विचारता पाइप उचलला आणि जनावरांच्या हौदात सोडला. त्या दिवसापासून दीड महिना सगळे टँकर तिथंच रिकामे झाले. मैदान करपलं, घरचे सामने दुसरीकडे खेळावे लागले, आणि क्लब खालच्या गटात घसरला. भागवतराव तेव्हा नाथाशी वर्षभर बोलले नव्हते.

"ती कशाला लिहायची, मावशी? आपली पडती सुरू झाली त्या दिवशी."

"गवत पावसात परत आलं की, राव. मेंढरं आली नसती."

दुसऱ्या दिवशी भागवतरावांनी नाथाला फोन करून तारीख विचारून घेतली, आणि रंगाऱ्याजवळ स्वतः उभं राहून चौथी ओळ सांगितली: अठरा मे, मैदानाचं पाणी जनावरांना दिलं.

त्या ओळीची बातमी वस्त्यांवर गेली. वर्धापनदिनाच्या सामन्याला कधी फुटबॉल न पाहिलेली माणसं आली. सत्तरीचा हरिबा धनगर घरच्या सगळ्यांना घेऊन आला आणि तिकिटाच्या खिडकीवर, आपल्याला नाथाचा संघ बघायचा हाय, म्हणाला. नाथा आता खेळत नाही, नव्या पोरांना शिकवतो, हे त्याला तिथंच कळलं. तरी तो बसला.

छबुबाई त्यांच्यात जाऊन बसली. पंचाने एक गोल नाकारला तसे सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिने पुढ्यातल्या मातीत बोटाने रेघ ओढली, खडे मांडले, आणि ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना सावकाश समजावून सांगितलं.