आत्याने न मांडलेला मुद्दा

माझ्या आत्याएवढं वादावर प्रेम करणारं माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात दुसरं नाही. लोक जेवायला बसतात तशी ती वादाला बसते, पदर खोचून आणि पोटभर. एकदा कल्याणहून शेअर जीपने येताना तिचा एका अनोळखी गृहस्थाशी वाद जुंपला. मुरबाड आलं, तिचं घर आलं, पण मुद्दा संपेना. बाई तशीच बसून टोकावड्यापर्यंत गेली, त्याला गप्प केलं आणि परतीच्या जीपने मागे आली. समोरचा लगेच 'बरोबर आहे' म्हणाला तर तिचा जीव कासावीस होतो. मग ती स्वतःच त्याची बाजू घेते आणि त्याला आपल्या बाजूला उभा करते.

आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, आणि एचआयव्ही हा तिचा हक्काचा विषय. ज्या काळी त्या आजाराचं नाव घेतलं की लोक उठून चालते व्हायचे, त्या काळी ती गावोगाव निरोधची पाकिटं घेऊन हिंडायची. एका गावात तिने पिशवीतून काकडी काढून प्रात्यक्षिक सुरू केलं, तेव्हा तिथले सरपंच ओरडले, "बाई, इथं बायका बसल्यात!" आत्या म्हणाली, "म्हनून तर आनलीय. तुमाला लाज वाटत असंल तर डोळं मिटा, कान तेवढं उघडं ठेवा." सरपंचांनी खरंच डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकलं. गावच्या लग्नात, बारशात, भात झोडताना ती कोणत्याही विषयावर बोलेल. फक्त दवाखान्यात कोण आलं नि कशाला आलं, याबद्दल तिच्या तोंडून कधी अक्षर निघालं नाही.

मध्यंतरी पेपरात बातमी आली, की एका श्रीमंत देशाचं सरकार परदेशातल्या एचआयव्ही प्रतिबंधावरचा खर्च थांबवतंय. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, म्हणाले, "बरोबरच हाय. त्यांचा पैसा. आपलं खाचर सुकं ठेवून शेजाऱ्याच्या खाचरात पाणी कोन लावतो?"

"दादा, शेजारच्या भातावर करपा रोग पडला तर तुजा बांध त्याला अडवतो काय रे?"

"मग शेजाऱ्यानं फवारावं!"

"त्याच्याकडं पंप नाय म्हनून तर बोलतेय मी!"

हा पंप आमच्या घरात आठवडाभर चालला. शेवटी मला वाटलं, मी शिकवतो त्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेला हाच विषय ठेवावा: परदेशातल्या एचआयव्ही प्रतिबंधासाठी एखाद्या सरकारने पैसा द्यावा का? परीक्षक म्हणून आत्याला बोलावलं. परीक्षकाने बोलायचं नसतं, ही अट ऐकून ती अशी बघत राहिली, जसं काही मी तिला श्वास घेऊ नकोस म्हणून सांगतोय.

बाजूने बोलणारी मुलं पाठ केलेलं बोलली. मग भातसानगरकडची एक मुलगी विरोधात उभी राहिली. हातात कागद नाही. "आमच्या उशाला धरण हाय," ती म्हणाली. "त्याचं पानी मुंबई पिते. दुसऱ्याला द्यायचं नाय, असं आमी कधी म्हटलं नाय. पन देनाऱ्याच्या घरातला हंडा रिकामा हाय का, हे कुनी इचारायचं? परक्या देशातली आई वाचवा, जरूर वाचवा. पन आमच्या पाड्यावरची आई अजून झोळीतून दवाखान्यात जाते. आधी तिच्यासाठी रस्ता करा." सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मी आत्याकडे पाहिलं. पेनचं टोपण दातात धरून ती मुलांच्या रांगांकडे बघत होती. एका ठिकाणी तिची नजर थांबली असं मला वाटलं, पण ती लगेच खाली वळली. तिने कागदावर गुण लिहिले. पहिला क्रमांक त्या मुलीचा.

परतताना मला राहवेना. "आत्या, तिला उत्तर नव्हतं तुझ्याकडे?"

"होतं की. समोर बसलं होतं." ती चालता चालता थांबली. "एका बाईला बाळंतपनात गोळी दिलेली मी. तिला आजार होता, पोराला लागला नाय. ती गोळी बाहेरच्या देशांच्या पैशातनं आलेली. ते पोर आज तिथं बसून टाळ्या वाजवत होतं. त्याला उभं केलं असतं, तर वाद तिथंच मिटला असता."

"कोण होतं?"

"नाव इचारू नको. त्याची आय अजून गावात नांदतेय." मग पुन्हा चालायला लागत म्हणाली, "आनि ती पोरगी खरं बोलली रे. रस्ता पायजेच."

घरी वडील ओटीवर वाटच बघत होते. "काय, कोन जिंकलं?"

"तुजी बाजू, दादा. हरले मी."

हे वाक्य ऐकायला वडील उभा जन्म थांबले होते. पण तिचा चेहरा बघून ते हसले नाहीत. आपली चहाची बशी त्यांनी तिच्याकडे सरकवली. आत्या फुंकर मारून चहा प्यायला लागली. ती हरली नव्हती, हे त्या ओटीवर फक्त मला माहीत होतं. तोंड उघडलं तर अभिमानाच्या भरात त्या पोराची गोष्ट सांगून टाकेन, याची भीती वाटली. मी उठून परसात गेलो.