चुलीवरची खुंटी

तापीकाठच्या त्या गावात दोधूइतका बांधलेला माणूस दुसरा नव्हता. बैलालासुद्धा पोळ्याची सुट्टी असते. नदीवरून येणाऱ्या सामाईक पाइपलाइनचा पंप तो मिसरूड फुटल्यापासून सांभाळत होता. कुणाच्या वावराला पाणी कधी, हे त्यानेच ठरवायचं आणि शिव्याही त्यानेच खायच्या.

म्हणून नवी यंत्रं आली तेव्हा सगळ्यांत जास्त हरखला तोच. वावरावावरात मातीची ओल मोजणारी खुंटी रोवली गेली. या खुंट्या आणि पाइपावरचे व्हॉल्व्ह आपसात बोलून ठरवणार, आज कुणाची माती जास्त तहानलेली. भावाभावांत जे जमलं नाही ते लोखंडाला जमलं! पण थोड्याच दिवसांत यंत्राला सगळीच वावरं एकदम कोरडी ठणठणीत दिसू लागली. तसं झालं की यंत्र हात टेकायचं, पाणी बंद करायचं आणि दोधूच्या फोनवर बोंब मारायचं. मग त्याने धावत जाऊन व्हॉल्व्हची चाकं हाताने फिरवायची.

आज चिंचपाड्याच्या दवाखान्यात त्याच्या लेकीच्या, रुपाच्या बाळाची पाचवी होती. बायको तिथेच होती. झबलं-टोपडं पिशवीत घालून दोधू बसच्या वाटेला लागला आणि फोन बोंबलला.

तो तणतणत शेजारच्या नवनीतच्या पपईच्या वावरात शिरला. खुंटी जागेवर नव्हती, झोपडीच्या पत्र्यावर ऊन खात पडली होती, म्हणजे यंत्राला हे वावर सदा तहानलेलंच दिसणार.

"लाज नही वाटस का रे?" दोधू ओरडला.

"माले कसाले?" नवनीत हसला. "पहिली खुंटी तुन्ही मायनी काढी. तिन्हं देखीनच गावनी काढ्यात."

दोधू घरी धावला. चुलीवर, मिरच्यांच्या माळेशेजारी, खुंटी टांगलेली होती. म्हातारी दगूबाई भाकरी थापत होती.

"माय, हाई काय करं तू?"

"तू गावले पानी पाजस, आपलं वावर कोल्लंच ऱ्हास. मंग मी काय करू?"

त्याला रडू आलं. त्याने खुंटी आपल्या मातीत परत रोवली आणि नवनीतला हाक मारली, तूही रोव.

"पहिले बाकीनासले रोवू दे," नवनीत म्हणाला. पलीकडच्या वावरातला करणसिंगही तेच म्हणाला.

बसचा हॉर्न वाजला आणि लांब गेला. दोधू पिशवी काखेत मारून चाक फिरवू लागला. तेवढ्यात रुपाचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"आबा, येशी ना?"

त्याने चाक सोडलं नाही.

"पानी चालू शे, बेटी," तो म्हणाला.