भरितातलं मीठ

उंद्रीच्या फाट्यावर रुख्मिणीबाईंची खानावळ आहे. नवरा उकंडराव शेतात वांगी पिकवतात. रुख्मिणीबाई ती कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात आणि भरीत करतात. बावीस वर्षं हेच चाललंय. तीन वर्षांपूर्वी गावोगावचं खाणं टीव्हीवर दाखवणारे शेफ नीळकंठ देवस्थळे त्यांच्या चुलीपुढे येऊन बसले, आणि घराघरांत रुख्मिणीबाई दिसल्या.

नीळकंठरावांवर लोकांचा फार जीव होता. कुठेही गेले तरी बाह्या सारून घरच्या माणसासारखे जेवायचे. त्या दिवशी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मीठ कसं अगदी नेमकं पडलंय!"

चित्रीकरण आटोपल्यावर उरलेलं भरीत उकंडरावांनी चाखलं. "अवो, हे तं अळणी हाये."

रुख्मिणीबाईंनीही बोट लावून चाखलं. कॅमेऱ्यासाठी तेच ते तीनदा करायला लावलं होतं, त्या गडबडीत मीठच राहून गेलं होतं. वाटीत मीठ घेऊन त्या बाहेर धावल्या. नीळकंठराव बाजेवर एकटेच बसले होते.

"साहेब, माह्याच्यानं मीठ टाकाचं राह्यलं. तुमी काऊन बोल्ले नाही?"

त्यांनी वाटीकडे पाहिलं. हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, दीड वर्ष झालं, मला चव लागत नाही. वासही येत नाही. सगळे डॉक्टर झाले. घरीसुद्धा कुणाला ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका."

"नाही सांगत, साहेब. आण हाये."

"एक विचारू? हे भरीत लागतं कसं?"

रुख्मिणीबाई गोंधळल्या. रोजचं भरीत, ते कसं लागतं, हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. "चांगलं लागते," त्या म्हणाल्या. "अजून काय?"

ते हसले, गाडीत बसले आणि गेले. आठ महिन्यांनी दौऱ्यावर असतानाच हृदयविकाराने वारले.

आदरांजली म्हणून टीव्हीवर उंद्रीचाच भाग पुन्हा पुन्हा लागला. गिऱ्हाइकं नेमक्या मिठाचं ते वाक्य घोळवतच खानावळीत शिरायची. रुख्मिणीबाईंना मात्र दुसरंच ऐकू यायचं. मिठाच्या डब्यात हात घातला, की मागून आवाज: "लागतं कसं?" त्या वळून बघायच्या. बाजेवर कुणी नसायचं. मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. शेवटी ते काम उकंडरावांनी आपल्याकडे घेतलं. वांगी सोलताना त्या पुटपुटत बसायच्या, "धुरकट... गोडसर... तिखट मागून येते..." कुठलंच उत्तर पुरं पडायचं नाही.

यंदा संक्रांत झाल्यावर नीळकंठरावांची मुलगी नीरजा पुण्याहून आली.

"बाबा शेवटी शेवटी घरी जेवायचेच नाहीत," ती म्हणाली. "आईने मसाले बदलले, तिखट वाढवलं. तरी ताट टाकून उठायचे. एकदा आई चिडून म्हणाली, तुम्हाला बाहेरचीच चव लागलीय, तिकडेच जेवा. त्यानंतर दौऱ्यावर गेले, ते परत आलेच नाहीत. आता आई रोज तुमचा भाग लावून बसते. विचारते, हिच्या हातात असं काय होतं, जे माझ्या हातात नव्हतं?"

रुख्मिणीबाईंनी हातातलं वांगं खाली ठेवलं. मग रिकाम्या बाजेकडे बघून म्हणाल्या, "साहेब, मी आण मोडून राह्यली." आणि त्यांनी नीरजाला सगळं सांगितलं. उकंडरावही ते पहिल्यांदाच ऐकत होते.

नीरजाने तिथूनच आईला फोन लावला. रडत रडत सांगितलं आणि फोन रुख्मिणीबाईंच्या हाती दिला.

"तुमच्याकडे पोटभर जेवले का हो?" पलीकडून तिच्या आईने, शकुंतलाबाईंनी विचारलं.

"हाव. दोन भाकरी."

"घरी अर्धी पोळी खायचे."



आण मोडल्यावर आवाज थांबेल, असं रुख्मिणीबाईंना वाटलं होतं. थांबला नाही. शकुंतलाबाई आता अधूनमधून दुपारचा फोन करतात. एकदा त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "तुमच्याकडे येतात का हो ते?"

"येतात," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"बोलतात?"

"हाव. इचारतात."

"माझ्याकडे नुसते पानावर येऊन बसतात," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी वाढते."