तीन डिग्रीतला बर्फ

"दिदी, सकाळी तुम्हीच पाऊस म्हणालात. आता बर्फ म्हणताय. नक्की पडणार काय?"

फोनवर मित्रबाबू होते. कलकत्त्यात, बेहाला भागात त्यांची टूर कंपनी आहे. मागे शंख आणि घंटा वाजत होत्या, कारण सरस्वती पूजेचा दिवस होता. त्यांच्या तीन गाड्या गंगटोकहून वर, एका उंच तळ्याकडे निघाल्या होत्या. आत अठरा माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. आणि त्यांना खुशाल जा म्हणणारी मीच होते.

मी हवामानाचा अंदाज देणाऱ्या एका खासगी कंपनीत काम करते. ऑफिस कलकत्त्यातच, बालीगंजला; नवरा आणि घर पुण्याला. आमच्याकडे पद्धत अशी, की एकाने लिहिलेला फोरकास्ट दुसऱ्याने तपासल्याशिवाय क्लायंटला जात नाही. त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतंच. आदल्या दिवशी आमचे बॉस सेनदा म्हणाले, "अनघादी, तुमच्याकडे ही पूजा नसते ना? मग ड्यूटी तुम्हीच घ्या." घेतली. फ्लॅटवर बसून तरी काय, भिंतींशीच बोलायचं. सकाळी येताना रस्ताभर बायका-मुली पिवळ्या साड्यांमध्ये होत्या. मी आपली निळ्या कुर्त्यात, डबा घेऊन ऑफिसला.

साडेसातला आकडे पाहिले. दुपारी वर तीन डिग्री. शून्याच्या वर, म्हणजे पाऊस. "हलका पाऊस, बर्फ नाही" असं लिहून पाठवून दिलं. आर्द्रतेचा रकाना उघडलासुद्धा नाही. एरवी शेजारी बसणारा तपन आधी तोच रकाना बघतो आणि मी त्याला त्यावरून चिडवते.

दहाला सहज उघडला. पस्तीस टक्के. हवा कोरडी होती, म्हणजे सकाळचा माझा अंदाज चुकला होता.

त्याचं असं आहे. थंडीत डोंगरावरच्या ढगातून जे सुटतं, ते मुळात बर्फच असतं. वाटेत हवा ऊबदार लागली तर ते वितळून पाऊस होतो. पण हवा कोरडी असली, तर त्यातला थोडा भाग वाफ होऊन जातो आणि जाताना हवा गार करतो. माठातलं पाणी गार होतं ते असंच. म्हणून थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून जो आकडा येतो, तो बघायचा. तो इथे शून्याखाली दोन येत होता. म्हणजे तीन डिग्रीतही बर्फ, आणि चांगलाच. कडाक्याच्या थंडीतही बर्फ पडतो. फक्त तितक्या गार हवेत बाष्पच कमी असतं, म्हणून बेताचा पडतो.

आधी सेनदांना फोन लावला. "माझी चूक झालीय. बदलून पाठवते."

"मी पूजेला बसलोय. दुपारचे आकडे येऊ देत. दर दोन तासांनी अंदाज बदलला तर क्लायंट हसेल."

"तोवर गाड्या चेकपोस्टच्या पुढे जातील. तिथे फोन लागत नाही."

"बर्फ पडणार हे नक्की?"

"नक्की कधीच नसतं, सेनदा. पण पडणार नाही असं मी लिहिलंय."

"मग तुमच्या जबाबदारीवर करा."

ती होतीच माझी. मित्रबाबूंनी तिसऱ्या वेळी फोन उचलला, आणि बर्फ पडेल म्हटल्यावर तो सुरुवातीचा प्रश्न विचारला.

"बर्फ," मी म्हणाले. "सकाळी मी चुकले. ड्रायव्हरचे नंबर द्या."

"तीन डिग्रीत बर्फ?" ते पुटपुटले. पण नंबर दिले.

दोन गाड्या चेकपोस्टपाशी सापडल्या. "मॅडम, इथे तर लख्ख ऊन पडलंय," एक ड्रायव्हर हसून म्हणाला. तरी दोघांनी गाड्या वळवल्या. तिसरी पुढे निघून गेली होती. तिचा फोन लागेना.

मग नुसती वाट बघणं. खालच्या मांडवातून खिचडीचा वास येत होता. डबा उघडवेना. कलकत्त्यात आल्यापासून इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. चुकीची लाज होतीच, पण "अगं, होतं असं" म्हणायला शेजारी माणूस नव्हतं, ते जास्त जड गेलं.

दोनला वर बर्फ सुरू झाला. रस्ता बंद. साडेपाचला मित्रबाबूंचा फोन आला. तिसरी गाडी अडकली होती, पण लष्कराच्या जवानांनी सहाही जणांना खाली आणलं होतं. एका आजींची बोटं बधिर झाली होती, बाकी सगळे ठीक.

"आणि दिदी, परत फिरलेले बारा जण माझ्यावर भडकलेत. बर्फ बघायला आलो आणि बघू दिला नाही म्हणतात!"

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र टेबलावर डोकं ठेवून रडले.

शून्याच्या वरही बर्फ पडतो, हे मला कॉलेजातच शिकवलं होतं. माहीत असलेलं वेळेवर आठवायला दुसरं माणूस लागतं, एवढाच काय तो धडा. आता ऑफिसात कोणी नसलं की मी पुण्याला फोन लावते आणि नवऱ्याला फोरकास्ट मोठ्याने वाचून दाखवते. तो बँकेत आहे, त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. सगळं निमूट ऐकून घेतो आणि विचारतो, "बरं, आणि आर्द्रता?"