पंचेचाळीसमधला पहिला नंबर

अर्विन ड्रायलिंग पहिला आला, आणि शेवटचाही तोच. त्याच्या वर्गात दुसरं कुणी नव्हतं.

निकाल आता फोनवर येतो. नेमबाजीचा सामना संपला की मंडळी पुठ्ठ्याचे पुतळे उतरवून शेडमध्ये रचतात, आपापल्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसतात आणि एका हातात सँडविच धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं यादी वर सरकवतात. नऊ मिलिमीटरची गोळी, पिस्तुलावर लाल ठिपक्याची काच बसवलेली, असा जो वर्ग आहे त्यात चाळीसेक नावं असतात. ती वाचताना गलका होतो. कोण कुणाच्या पुढे गेला, कुणी लोखंडी तबकड्यांवर अख्खं मॅगझिन रिकामं केलं, कोण गुडघ्याचं निमित्त सांगतोय. यादी बरीच खाली नेली की जुन्या पोलादी पिस्तुलांचा वर्ग येतो, ज्यांत गोळ्या एकावर एक अशा एकाच रांगेत बसतात. तिथं एक नाव. त्यापुढे वर्गातल्या पहिल्याचे शंभर टक्के.

तिथवर कुणी सरकवत नाही. अर्विनही फोन खिशातच ठेवतो.

हा क्लब कॅन्ससच्या पश्चिम भागात, चुनखडीच्या बंद पडलेल्या खाणीत भरतो. तिन्ही बाजूंनी दगड, चौथ्या बाजूला गहू. महिन्यातून एक शनिवार. अर्विन पस्तिसाव्या वर्षी इथं पहिल्यांदा आला, तेव्हा मैदानात पंचेचाळीसशिवाय, म्हणजे पॉइंट पंचेचाळीस इंचाच्या जाड गोळीशिवाय, दुसरी क्वचितच दिसायची. त्यामागचा हिशेब सरळ होता. पुतळ्याच्या मधल्या चौकटीत लागली तर कुठल्याही गोळीला पाच गुण. चौकट चुकली आणि बाजूला लागली, तर जड आणि जोरदार गोळीला चार, हलक्या गोळीला तीन. गोळीचं वजन गुणिले वेग, एवढ्यावर ठरतं कुठली मेजर म्हणजे जोरदार आणि कुठली मायनर म्हणजे हलकी. पळत, वळत, वाकून, घड्याळाच्या विरुद्ध गोळ्या झाडताना माणूस चुकतोच. "पंचेचाळीस चूक माफ करते," असं अर्विन नव्या माणसाला सांगायचा. नवा माणूस पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारतो, कुठली गोळी घेऊ म्हणून. बरीच वर्षं त्याला अर्विनकडे पाठवलं जायचं.

पेशानं तो प्रोपेन गॅसच्या टँकरचा ड्रायव्हर. तीन तालुक्यांतली शेतं, त्यांचे कुत्रे, कुठल्या फाटकाची कडी वर उचलून उघडते, हे सगळं त्याला पाठ. हिवाळ्यात लोक त्याची वाट बघायचे. निवृत्त झाल्यावर अर्थातच कुणी बघेना. बायको त्याआधीच विचिटाला गेली होती. भांडण नव्हतं, दुसरं माणूसही नव्हतं. तिला गावात करमेना आणि त्याला गावाबाहेर. नाताळला फोन होतो.

राहिला गेलन. गेलन फानेनस्टील, धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला होता. दोघं एकाच वर्षी क्लबात आले, एकाच बनावटीची पिस्तुलं, एकच गोळी. पंचवीस वर्षं पहिला आणि दुसरा हे दोन नंबर ह्या दोघांतच फिरले. एका ऑक्टोबरात वेग मोजायच्या यंत्रावर गेलनच्या गोळ्या कमी भरल्या. त्याला मायनरचे गुण मिळाले आणि अर्विन त्याच्यापुढे गेला. गेलननं महिनाभर अबोला धरला. त्याच्या बायकोनं, आर्डिथनं, शेवटी कोबी-खिम्याचे गरम बीरॉक अर्विनच्या दारात आणून दिले आणि म्हणाली, "घरात चोवीस तास तुझ्याबद्दलच बोलतोय. त्यापेक्षा तूच ये आणि ऐक." अर्विन गेला. असा तो काळ.

मग लोक चाळीसवर गेले, मग नऊवर. नऊची गोळी स्वस्त, धक्का कमी, आणि ठिपक्याच्या वर्गात सगळ्यांनाच मायनरचे गुण, म्हणजे जोराचा फायदा कुणालाच नाही. जुन्या वर्गातले सात होते ते पाच झाले, तीन झाले, दोन उरले. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात गेलननं आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक नवीन पिस्तूल ठेवलं. त्यावर काच होती.

"डोळे गेले रे," गेलन म्हणाला. "नळीच्या टोकावरची नेमाची माशी दिसत नाही. माशी दिसली तर पुतळा दिसत नाही."

"चष्मा बदल."

"हा तिसरा. आर्डिथ म्हणते पुढचा कुत्र्याला लाव, निदान तो बघून तरी भुंकेल."

अर्विननं पिस्तूल हातात घेतलं, मॅगझिन काढून बघितलं, परत ठेवलं. "हलकं आहे."

"हलकंच पाहिजे."

"ह्या गोळीनं बटाट्याला भोक पडायचं नाही."

"पुठ्ठ्याला पडतं," गेलन म्हणाला. "तीस वर्षं आपण पुठ्ठाच मारतोय, गड्या. बटाटा एकदाही आला नाही समोर."

दोघं हसले. मार्चपासून गेलन दुसऱ्या वर्गात गेला. भांडण इथंही नव्हतं.

अर्विनच्या मनगटाचं दुखणं तोवर सुरू झालं होतं. थंडीत ताठ झालेला गॅसचा जाड पाइप टँकरपासून टाकीपर्यंत ओढत नेणं, हे काम त्यानं उभा जन्म केलं, आणि त्याची किंमत उजव्या मनगटानं साठीनंतर मागायला सुरुवात केली. पंचेचाळीसचा धक्का तसा सावकाश येतो, ढकलल्यासारखा. पण दुपारपर्यंत त्याला कॉफीचा कप डाव्या हातात घ्यावा लागे. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. विचारणारंही कुणी नव्हतं.

गोळ्या तो स्वतःच भरतो, गॅरेजमध्ये. पुंगळीत दारू किती घालायची हे त्याच्या हातात. जुलैत त्यानं दारू थोडी उतरवली. वजन-वेगाच्या गुणाकाराला हजारानं भागलं की येणारा आकडा बघतात, त्यात मेजरची हद्द एकशे पासष्ट. तो इतकी वर्षं एकशे पंचाहत्तरच्या आसपास भरायचा, ते एकशे अडुसष्टवर आणलं. खाणीत जाऊन यंत्रावर तपासलंही. मनगटाला आराम पडला. उन्हाळ्याचे सामने निभावले.

त्याची चूक इथं झाली. जुलैतल्या त्या दुपारी खाणीतला दगडही हाताला चटका देत होता. गरम दारू जोरात पेटते, गार दारू रेंगाळते. त्याला हे माहीत होतं. पण वरची सगळी शिल्लक आता काढून घेतलीय, याचा विचार इतकी वर्षं शिल्लक ठेवून भरणाऱ्या माणसाच्या मनात आला नाही. ऑक्टोबरच्या शनिवारी सकाळी गवतावर दंव गोठलं होतं आणि त्याची पेटी रात्रभर गाडीत होती. क्लब वर्षातून एकदा वेग मोजतो तो ह्याच सामन्याला.

यंत्रावर मर्ल होता, क्लबाचा खजिनदार. त्यानं अर्विनच्या पट्ट्यातून स्वतः काही काडतुसं उचलली, एकातली गोळी उपटून वजन केलं, मग अर्विनच्याच पिस्तुलातून तीन झाडल्या. यंत्रावरचे आकडे त्यानं आधी मनात वाचले.

"सातशे सात. सातशे बारा. सातशे चौदा," मर्ल म्हणाला. "थांब, आणखी तीन मिळतात तुला."

त्या तीनही पुढे गेल्या नाहीत.

"एकशे त्रेसष्ट," मर्ल म्हणाला. "मायनर, अर्विन. आज तुला मायनरचे गुण. सॉरी रे."

मागं रांगेत सातआठ जण उभे होते. त्यातला एक म्हणाला, "तरी पहिलेच येणार की ते." सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. अर्विनही हसला असता, पण गेलन पुढे आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सोड रे. कुणाला काय फरक पडतोय."

तो समजुतीनं बोलला. ते अर्विनला कळलं.

त्या दिवशी तो सगळे टप्पे नीट खेळला. घाई केली नाही. प्रत्येक टप्प्यानंतर लोक जमिनीवरच्या पुंगळ्या वेचतात. नऊच्या लहान पुंगळ्यांत पंचेचाळीसची जाड पुंगळी लगेच ओळखू येते, आणि ती अर्विनची, हे सगळ्यांना माहीत. कुणी ना कुणी येऊन त्याच्या तळहातावर चारपाच ठेवून जायचं. "ह्या तुमच्या." तो म्हणायचा, "थँक यू." संध्याकाळी निकालात तो पहिला होता, शंभर टक्के. मायनरचे गुण धरून.

हिवाळाभर प्रश्न एकच होता, कुठली गोळी. मनगटासाठी म्हणून पंचेचाळीसच हलकी भरावी आणि मायनर खेळावं, हा एक रस्ता. जुन्याच वर्गात, तसल्याच पोलादी पिस्तुलात नऊची घ्यावी, मॅगझिनमध्ये दोन गोळ्या जास्त बसतात, हा दुसरा. दोन्ही रस्ते चांगले होते आणि दोन्ही त्याच ठिकाणी जात होते, यादीच्या तळाला, एका नावापाशी. जोर, धक्का, गुण, मनगट ही सगळी कारणं त्यानं टेबलावर बसून एकेक तपासली, आणि प्रत्येकावर त्याच्याकडे तोडगा निघाला. खरं कारण मात्र गेलनला सांगण्यासारखं नव्हतं, आणि दुसरं कुणी नव्हतं. त्याला कुणाकडून तरी हरायचं होतं.

जानेवारीत तो गेलनकडे गेला.

"तू नवं घेतलंस, पण आधीचं काचवालं पिस्तूल आहे का अजून?"

गेलननं कॉफी ओतता ओतता थांबून बघितलं. "बटाट्यांचं काय मग?"

"देणार असलास तर दे."

"तुला जमायचं नाही, सांगून ठेवतो. पहिले सहा महिने ठिपका सापडत नाही. मी एकदा शोधत शोधत आभाळाकडे बघत होतो, मर्लनं विचारलं बदकं आलीत का." मग त्यानं आतून पिस्तूल आणून दिलं.

ठिपका खरंच सापडत नव्हता. अर्विन रिकामं पिस्तूल म्यानातून काढून बैठकीच्या भिंतीवरच्या दिव्याच्या बटणावर धरायचा. काचेत बटण दिसायचं, ठिपका नाही. तीस वर्षांच्या सवयीनं हात नळीचं टोक वर आणायचा आणि ठिपका काचेच्या वरच्या कडेबाहेर राहायचा. तो पिस्तूल खाली घ्यायचा, पुन्हा काढायचा. घरात टीव्ही चालू असे, आवाज बंद करून. मार्चपर्यंत दोन वेळांत एकदा ठिपका जागेवर येऊ लागला. मनगट दुखत नव्हतं, ही गोष्ट एका सकाळी दाढी करताना त्याच्या लक्षात आली.

एप्रिलच्या सामन्याला तो नऊ घेऊन गेला. नावं आता आधीच फोनवरून नोंदवावी लागतात, गट आपणच निवडायचा. गेलन वेगवान मंडळींच्या गटात असतो आणि तो गट पहिल्या तासाभरात भरतो. अर्विनला जागा मिळाली त्या गटात त्याच्या ओळखीचा फक्त मर्ल होता, आणि मर्लच्या हातात टायमर होता.

पहिल्याच टप्प्यावर टायमर वाजला, अर्विननं पिस्तूल काढलं, आणि काचेत नुसता गहू दिसला. खाणीच्या दगडी कड्यावरचा, हिरवा. ठिपका शोधण्यात इतका वेळ गेला की मागं कुणीतरी घसा खाकरला. मग सापडला. तिसऱ्या टप्प्यावर लोखंडी तबकड्या एका दमात पडल्या, आणि लगेच पुढच्या कोपऱ्यावर तो एक पुतळा पार विसरून गेला.

"तो डावीकडचा तुझ्यावर रागावला असेल," मर्ल म्हणाला.

"कुठला डावीकडचा?"

"तेच तर."

पुंगळ्या वेचायची वेळ आली तेव्हा सगळे मिळून वेचत होते. सगळ्या नऊच्या, कुठली कुणाची ते सांगता येत नाही. बादलीत टाकतात आणि शेवटी ज्याला हवी तो नेतो. अर्विननं वाकून मूठभर उचलल्या आणि सवयीनं जरा वेळ उभा राहिला. त्याच्याकडे कुणी आलं नाही. मग त्यानंही त्या बादलीत टाकल्या.

दुपारी मंडळी गाड्यांवर बसली. गेलन आपल्या गटाबरोबर होता, सहावा की सातवा आला होता, आणि त्याच्याभोवती बोलणं चाललं होतं. अर्विननं आपल्या पिकअपमध्ये बसून फोन काढला, चष्मा लावला आणि यादी सरकवू लागला. विसावं नाव गेलं, तिसावं गेलं. एकेचाळिसांत तो अडतिसावा होता.

त्याच्या वर एक जण पुष्कळ पुढे होता. खाली मात्र एक नाव अगदी चिकटून होतं. तुआन लुओंग. दोघांत दोन गुणांचाही फरक नव्हता. अर्विननं टप्पे एकेक उघडून पाहिले. पहिल्यावर लुओंग पुढे, दुसऱ्यावर लुओंग पुढे, तिसऱ्या टप्प्यावर तो एक पुतळा विसरूनही अर्विन पुढे, कारण तबकड्यांवर लुओंग बराच वेळ अडकला होता. चौथ्यावर बरोबरी म्हणावी इतकं जवळ. पाचव्यावर अर्विनची एक गोळी चौकटीच्या रेषेला जेमतेम शिवली होती. पंचानं वाकून बघून ती आत धरली होती. ती बाहेर धरली असती तरी तो अडतिसावाच राहिला असता का, हे त्यानं मनात मांडलं, चुकलं, पुन्हा मांडलं. राहिला असता, केसाच्या अंतरानं.

तो उतरून गेलनपाशी गेला. "तुआन लुओंग कोण रे?"

"कोण?"

"लुओंग. एकोणचाळिसावा."

"इतक्या खाली मी बघत नाही," गेलन म्हणाला. आजूबाजूचे हसले. मग अर्विनच्या तोंडाकडे बघून त्यानं मान वळवली आणि रस्त्याकडे बोट केलं. "तो असेल, पांढऱ्या गाडीवाला. डॉज सिटीच्या मांसाच्या कारखान्यात आहे म्हणतात. दुपारच्या पाळीला जातो, म्हणून थांबत नाही. मघाशीच गेला. का?"

"काही नाही."

"कसा होता ठिपका?"

"गव्हात होता पहिल्यांदा."

"म्हटलं होतं मी," गेलन म्हणाला, आणि मागून कुणीतरी काहीतरी विचारलं म्हणून तो तिकडे वळला.

खाणीच्या तोंडाशी धूळ अजून पूर्ण खाली बसली नव्हती. गाड्या एकेक करून निघाल्या. अर्विननं पुतळ्यांच्या चौकटी शेडमध्ये नेण्यात मर्लला मदत केली, कुलूप लावेपर्यंत थांबला. मर्ल म्हणाला, "पुढच्या महिन्यात पुन्हा पंचेचाळीस का?"

"नाही. नऊ."

"पहिला नंबर सोडतोयस मग."

"सोडला," अर्विन म्हणाला.

मे महिन्याची नोंदणी बुधवारी सकाळी उघडते. अर्विन वेळेआधीच टेबलापाशी बसला होता. गेलनच्या गटात अजून तीन जागा रिकाम्या होत्या. त्यानं त्या बघितल्या, खाली सरकवत राहिला. सकाळी लवकर सुरू होऊन दुपारच्या आत संपणारा एक गट होता. त्यात तोवर एकच नाव आलं होतं, आणि त्यानं आपलं नाव त्याच्या खाली घातलं.