आबांची नाव आणि आईची परात

तापीच्या दोन्ही काठांवर आमच्या गल्लीतल्या आबांइतका पाण्याशी वैर धरलेला माणूस सापडणार नाही. पाणी दिसलं की ते कुठून शिरेल याचाच ते विचार करतात. त्यांच्या घरासमोर मी हार्डवेअरचं दुकान चालवते, त्यामुळे हे वैर मला रोज पाहावं लागतं. या वैराचं कारण त्यांची नाव. कुणा मासेमाराने काठावर टाकून दिलेली ही ॲल्युमिनियमची होडी आबांनी घरी आणली आणि दारासमोर विटांवर ठेवली. आबांची बहीण, अक्का, समोरच्या काठावरच्या गावात दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आणि अक्काला आणायला आबा दरवर्षी हीच नाव घेऊन जातात. पूल होऊन जमाना झाला. आबांच्या लेखी तो बाहेरच्या लोकांसाठी बांधलेला आहे.

आखाजीच्या आधी नावेची तपासणी होते. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, आणि ते आबा नावेत भरतात. बायका ओरडतात, आबा नावेखाली आडवे होतात आणि थेंब पडेल तिथे खूण करतात. एका वर्षी कुंकवाने खुणा केल्या. पाण्याने सगळं कुंकू पसरलं आणि नावेचा तळ मळवट भरल्यासारखा दिसू लागला. तेव्हापासून सुनेचं नेलपॉलिश वापरतात. ढिले रिव्हेट ठोकून घट्ट करायचे, तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडायचं म्हणजे तडा पुढे सरकत नाही, मग वर पत्र्याचा तुकडा आणि सीलंट, हे सगळं ते नीट करतात. फक्त माझ्या दुकानातला पत्रा त्यांना चालत नाही.

"नवा पत्रावर मन्हा भरोसा नही," ते म्हणतात. "भांडाना पत्राले पानीनी सवय शे."

त्यामुळे गल्लीतली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी एकेक करून नावेला लागली. शेजारीण एकदा तळाशी वाकून म्हणाली, "आबा, हे ते मन्हं भरितनं पातेलं शे!" आबांनी शांतपणे विचारलं, "गळस का?"

यंदा मात्र तळाला वीतभर तडा गेला. मागच्या वर्षी अक्काचे पाय घोट्यापर्यंत भिजले होते, म्हणून भाचा, अक्काचा मुलगा, आधी स्वतः नाव बघणार होता. आबांनी आईची परात कापायला काढली. मी म्हटलं, "आबा, आईची म्हणून एवढीच एक वस्तू राहिलीय."

"अक्कासाठीच शे ती," ते म्हणाले आणि कात्री चालवली.

भाचा आला. नावेत पाणी भरलं. बराच वेळ काही झालं नाही. मग परातीच्या कडेने एक थेंब आला, लोंबला आणि पडला.

"मामा, मायनं वय दखा," भाचा म्हणाला. आवाज चढवला नाही, तरी निकाल लागला होता. आबांनी नाव रिकामी केली, फडक्याने पुसली आणि घरात गेले.

आखाजीच्या सकाळी अक्का गाडीने पुलावरून आली. उतरली आणि दाराशी थांबली. सुनेने भाकर-पाणी ओवाळायला आणलं, तर हाताने थांबवलं.

"भाऊ लेवाले उना नही, मंग मी माहेरले उनीच कशी?"

भावाने आणल्याशिवाय ती आत येणार नव्हती; ती थेट विटांवरच्या नावेकडे गेली. आम्ही दोघी-तिघींनी धरून तिला वर चढवलं. फळीवर बसली, खाली पाहिलं, चपला काढल्या. "मायनी परात," एवढंच म्हणाली आणि दोन्ही पाय त्या तुकड्यावर ठेवले. आबा बाहेर आले. नावेची कड धरली. मग हात देऊन बहिणीला खाली उतरवलं आणि उंबऱ्यापर्यंत नेलं. सुनेने ओवाळलं.

अक्का आत गेल्यावर आबा परत आले, नावेखाली वाकले आणि परातीच्या कडेवरून तळहात फिरवला.

"कोरडी शे," मला म्हणाले.

नाव रस्त्यावर होती आणि नदी पार शेतांपलीकडे. एरवी मी हे बोलून दाखवलं असतं.

"हो आबा," मी म्हटलं, "अगदी कोरडी."